युरिक ॲसिड आणि रक्तदाब : आकडा नेमका काय सांगतो?

रक्ततपासणीच्या अहवालात युरिक ॲसिडच्या आकड्यासमोर ‘जास्त’ अशी खूण दिसली, की आपल्याकडे पहिली संक्रांत येते ती डाळीवर. तूर, मसूर, पालक, फ्लॉवर, मशरूम हे सगळे एका फटक्यात ताटातून बाद होते. पायाचा अंगठा सुजलेला नाही, सांधे दुखत नाहीत, याची खात्री पटली की महिन्याभरात विषय मागे पडतो. त्या निमित्ताने रक्तदाब मोजून घ्यावा, असे मात्र फारसे कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक ज्यांचे युरिक ॲसिड जास्त असते त्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, ही गोष्ट अनेक देशांतल्या दीर्घकालीन पाहण्यांतून पुन्हा पुन्हा समोर आली आहे. उलट काही जणांना हे कळले, की ते थेट युरिक ॲसिड उतरवणारी गोळी सुरू करायला निघतात. या दोन्ही टोकांना माझा आक्षेप आहे. युरिक ॲसिड आणि रक्तदाब यांचा संबंध खरा आहे. त्यामागची शरीरातली यंत्रणाही बरीच उलगडलेली आहे. पण तो संबंध सर्व वयांत आणि सर्व माणसांत सारखा नाही, आणि आकडा खाली आणला की रक्तदाबही उतरेल याचा पुरावा प्रौढांच्या बाबतीत मिळालेला नाही. म्हणून वाढलेला आकडा हा रक्तदाब, वजन, साखर आणि मूत्रपिंडे तपासण्याचा इशारा मानावा. केवळ तेवढ्यावरून गोळी सुरू करू नये. हे मत कशाच्या आधारावर बनते, ते क्रमाने पाहू.

आधी हे रसायन येते कुठून? आपल्या पेशींमधला डीएनए, आरएनए आणि ऊर्जेचे चलनवलन सांभाळणारा एटीपी हा रेणू, या सर्वांत प्युरिन नावाची संयुगे असतात. जुन्या पेशी मोडतात, ऊर्जा खर्ची पडते, तेव्हा प्युरिनचे विघटन होते आणि झँथिन ऑक्सिडेज या विकराच्या मदतीने शेवटी युरिक ॲसिड तयार होते. रोज तयार होणाऱ्या युरिक ॲसिडचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश, शरीराच्या स्वतःच्याच पेशींमधून येतो. अन्नातल्या प्युरिनचा वाटा उरलेला. बाहेर टाकण्याचे कामही असेच विभागलेले असते : सुमारे दोन तृतीयांश मूत्रपिंडांमार्फत, बाकीचे आतड्यांमार्फत. त्यातही मूत्रपिंडे जेवढे युरिक ॲसिड गाळतात त्यातले सुमारे नव्वद टक्के पुन्हा रक्तात घेतात. त्यामुळे बहुतेकांच्या रक्तातली पातळी वाढते ती खाण्याच्या अतिरेकापेक्षा मूत्रपिंडे ते पुरेसे बाहेर टाकत नाहीत म्हणून. पातळी डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे गेली की ते रक्तात पूर्ण विरघळून राहू शकत नाही आणि सांध्यांत स्फटिक साचण्याचा धोका निर्माण होतो. गाउट हा विकार होतो तो यामुळे. रक्तदाबाशी असलेला संबंध मात्र स्फटिकांचा नाही; तो विरघळलेल्या युरिक ॲसिडचा आहे, आणि म्हणूनच तो दीर्घकाळ नजरेआड राहिला.

या संबंधाची शंका काही आजची नाही. १७७६मध्ये कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने मूत्रमार्गातल्या खड्यातून युरिक ॲसिड वेगळे केले. १८४८मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरने गाउटच्या रुग्णांच्या रक्तात ते जास्त असते हे दाखवले. त्याने पुढे रूढ केलेली तपासणी आजच्या यंत्रांच्या काळात मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. रुग्णाच्या रक्तातला पातळ द्रव म्हणजे सीरम उथळ काचेच्या बशीत घ्यायचा, त्यात ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकायचे, मग लिननच्या कापडातून काढलेला एखादा बारीक धागा त्यात बुडवून बशी दीड-दोन दिवस न हलवता ठेवून द्यायची. द्रव आटत जाई आणि युरिक ॲसिड जास्त असेल तर धाग्याच्या कडेने त्याचे स्फटिक धरलेले सूक्ष्मदर्शकाखाली दिसत. निरोगी माणसाच्या सीरममध्ये धागा कोराच राही. रक्तातला एक घटक मोजून आजार ओळखण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी हा एक.

त्यानंतर तीस वर्षांनी लंडनच्याच गाय्‌ज हॉस्पिटलमधल्या फ्रेडरिक अकबर महोमेद या तरुण डॉक्टरने पुढचा धागा जोडला. पाटण्यात जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या साके दीन महोमेद यांचा हा नातू. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. मनगटाच्या नाडीचा आलेख कागदावर उमटवणाऱ्या स्फिग्मोग्राफ या उपकरणात सुधारणा करून महोमेदने शेकडो माणसांच्या धमन्यांमधला ताण अभ्यासला. रक्तदाब वाढतो तो मूत्रपिंडे आधी बिघडल्यामुळेच, असा त्या वेळचा समज होता. मूत्रपिंडे धड असतानाही दाब आधी वाढलेला असू शकतो, हे महोमेदने दाखवले. असा ताण वाढलेली बरीच माणसे गाउट असलेल्या घराण्यांतली आहेत, हेही त्याने १८७९मध्ये नोंदवले आणि रक्तातले युरिक ॲसिडच यामागे असावे, असा तर्क मांडला. १८८४मध्ये वयाच्या पस्तिशीत विषमज्वराने त्याचा मृत्यू झाला. त्याचा तर्क पुढे जवळजवळ शतकभर अडगळीत राहिला.

तो अडगळीत पडण्याचे कारण मात्र वाजवी होते, आणि आजही या विषयावरचा पहिला आक्षेप तोच आहे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत युरिक ॲसिड जास्त सापडते, हे कबूल. पण दाब वाढल्याने मूत्रपिंडांतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि युरिक ॲसिड बाहेर जाणे मंदावते. शिवाय रक्तदाबासाठी देतात त्या थायाझाइड प्रकारच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही ते वाढते. मग युरिक ॲसिड हे कारण की परिणाम? याचे उत्तर मिळवायचे तर रुग्णांना तपासून भागत नाही. रक्तदाब सामान्य असलेली माणसे निवडायची, त्यांचे युरिक ॲसिड मोजायचे आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवायचे, हाच मार्ग. असे १८ अभ्यास एकत्र करून २०११मध्ये ५५ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचे विश्लेषण झाले. युरिक ॲसिड जास्त असलेल्यांना पुढे उच्च रक्तदाब होण्याचा धोका सुमारे ४१ टक्क्यांनी अधिक निघाला. दर एक मिलिग्रॅम वाढीमागे तो साधारण १३ टक्क्यांनी वाढत होता. वय, वजन यांसारख्या नेहमीच्या घटकांचा हिशेब करूनही हा फरक उरला. वयस्कांपेक्षा तरुणांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो ठळक होता. म्हणजे आकडा आधी वाढतो आणि दाब नंतर, एवढे निश्चित झाले.

पण आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. पावसाळ्यात छत्र्या आधी बाहेर निघतात आणि चिखल नंतर होतो, म्हणून छत्रीमुळे चिखल होतो असे कुणी म्हणत नाही. दोहोंमागे पाऊस असतो. इथेही तशाच एखाद्या सामाईक कारणाची दाट शक्यता आहे. पोटाचा घेर वाढला की इन्सुलिनचा परिणाम मंदावतो, शरीर अधिक इन्सुलिन सोडते, आणि जास्तीचे इन्सुलिन मूत्रपिंडांना युरिक ॲसिड आणि मीठ दोन्ही रोखून धरायला लावते. मद्याने दोन्ही वाढतात. साखरेतल्या फ्रुक्टोजची तर वेगळीच गोष्ट आहे : यकृतात त्यावर प्रक्रिया होताना एटीपी वेगाने खर्च होतो आणि त्याच्या अवशेषांतून युरिक ॲसिड बनते. त्यामुळे वाढलेले वजन, गोड पेये आणि मद्य ही युरिक ॲसिड व रक्तदाब या दोहोंची सामाईक मुळे असू शकतात. हा आक्षेप नुसत्या आकडेमोडीने मिटत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष प्रयोगच हवा.

तसा प्रयोग अमेरिकेतल्या रिचर्ड जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केला आणि २००१मध्ये प्रसिद्ध केला. उंदीर निवडताना एक अडचण होती. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हा विकर असतो. तो युरिक ॲसिडचे आणखी विघटन करतो, म्हणून त्यांच्या रक्तात त्याची पातळी अगदी कमी असते. माणूस आणि त्याचे जवळचे वानर-आप्त यांच्या पूर्वजांत या विकराचे जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले. आपली पातळी इतर प्राण्यांपेक्षा जास्त असते ती त्यामुळे. संशोधकांनी उंदरांना युरिकेज रोखणारे ऑक्सॉनिक ॲसिड दिले आणि त्यांचे युरिक ॲसिड माफक प्रमाणात वाढवले. काही आठवड्यांत त्यांचा रक्तदाब चढला. मूत्रपिंडांत स्फटिक सापडले नाहीत. युरिक ॲसिड उतरवणारे ॲलोप्युरिनॉल दिलेल्या उंदरांत दाब वाढला नाही, आणि ऑक्सॉनिक ॲसिड थांबवल्यावर वाढलेला दाब खाली आला.

या उंदरांच्या मूत्रपिंडांत काय घडले ते जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीत रक्त आणून सोडणारी एक अतिसूक्ष्म धमनी असते. तिची भिंत स्नायुपेशींची असते आणि ती किती सैल किंवा आवळलेली राहते, यावर गाळणीतला दाब ठरतो. युरिक ॲसिड या स्नायुपेशींच्या आत शिरते. तिथे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढतो, रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो, आणि मूत्रपिंडातून रेनिन अधिक सुटू लागते. रेनिनमुळे रक्तवाहिन्या आवळणारी आणि मीठ रोखणारी साखळी सुरू होते. पहिल्या टप्प्यात हे सगळे परतवता येते : युरिक ॲसिड उतरले की दाब उतरतो. पण हेच दीर्घकाळ चालू राहिले, तर त्या सूक्ष्म धमनीच्या स्नायुपेशींची संख्या वाढते, भिंत कायमची जाड होते आणि आतली पोकळी अरुंद होते. आता मूत्रपिंडाला मीठ बाहेर टाकण्यासाठी कायमच जास्त दाब लागतो. या दुसऱ्या टप्प्यावर युरिक ॲसिड कमी केले तरी रक्तदाब मागे येत नाही, कारण दाब टिकवून धरण्याचे काम आता बदललेली धमनी आणि मीठ करत असतात.

उंदरांत दिसले ते माणसांत तसेच असेल असे नाही. पण हे खरे असेल, तर दोन गोष्टी दिसायला हव्यात : नुकताच रक्तदाब वाढू लागलेल्या मुलांत युरिक ॲसिडचा संबंध सर्वांत घट्ट असावा, आणि औषधाचा परिणामही त्यांच्यातच दिसावा. डॅनियल फाइग यांच्या गटाने हेच तपासले. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दुसरा कोणताही आजार नसताना रक्तदाब वाढलेल्या किशोरवयीनांपैकी ८९ टक्क्यांचे युरिक ॲसिड ५.५ मिलिग्रॅमच्या वर होते. मूत्रपिंडाच्या किंवा अन्य विकारामुळे दाब वाढलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते, आणि ज्यांचा दाब सामान्य होता त्यांच्यात शून्य. मग २००८मध्ये ११ ते १७ वर्षांच्या ३० मुलामुलींवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रत्येकाला चार आठवडे ॲलोप्युरिनॉल आणि चार आठवडे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी मिळाली. औषधाच्या काळात ३०पैकी २० जणांचा रक्तदाब सामान्य झाला. नुसत्या गोळीच्या काळात फक्त एकाचा. यावर एक चांगला आक्षेप घेतला गेला : ॲलोप्युरिनॉल झँथिन ऑक्सिडेजला रोखते आणि त्या विकरातून निघणारे घातक ऑक्सिडीकारकही कमी करते, मग गुण युरिक ॲसिड उतरल्याचा कशावरून? २०१२च्या पुढच्या अभ्यासात स्थूल मुलांच्या एका गटाला ॲलोप्युरिनॉल, तर दुसऱ्याला प्रोबेनेसिड दिले. प्रोबेनेसिड त्या विकराला हातही लावत नाही. ते फक्त लघवीवाटे युरिक ॲसिड बाहेर घालवते. दोन्ही औषधांनी रक्तदाब उतरला.

इथवरचा पुरावा वाचून खटला निकाली निघाला असे वाटेल. पण पुढचा भाग तितकाच वजनदार आहे आणि तो झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्यांच्यात युरिक ॲसिड जन्मतःच थोडे जास्त ठेवणारी जनुके असतात, त्यांच्यात रक्तदाबही जास्त असायला हवा. कोपनहेगनमधल्या दोन मोठ्या लोकसमूहांवर हे पडताळून २०१३मध्ये निष्कर्ष आला : युरिक ॲसिडच्या वाहतुकीशी निगडित जनुकाने पातळी बदलते, रक्तदाब बदलत नाही. उलट, वजन वाढवणारी जनुके युरिक ॲसिडही वाढवतात, असे दिसले. २०२१मध्ये अमेरिकेत १८ ते ४० वयाच्या ९९ तरुणांवर ॲलोप्युरिनॉलची चाचणी झाली. त्यांचे युरिक ॲसिड उतरले, रक्तदाब हलला नाही. आणि २०२२मध्ये ब्रिटनमधल्या, साठी ओलांडलेल्या व हृदयविकार असलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या मोठ्या चाचणीत ॲलोप्युरिनॉलने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा त्यांमुळे होणारे मृत्यू कमी झाले नाहीत.

मुलांत गुण आणि मोठ्यांत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात का? दोन टप्प्यांची मांडणी याचे बरेचसे उत्तर देते. साठीतल्या माणसाच्या धमन्या दुसऱ्या टप्प्यात जाऊन बराच काळ लोटलेला असतो. २०२१च्या चाचणीतल्या तरुणांचा दाब आणि युरिक ॲसिड दोन्ही फारसे चढलेले नव्हते. जे वाढलेच नाही ते उतरणार किती? जनुकांबाबतही एक मुद्दा आहे : ती जनुके रक्तातली पातळी बदलतात, पण धमनीला इजा होते ती पेशीच्या आत शिरलेल्या युरिक ॲसिडने, आणि हे दोन आकडे एकाच दिशेने जातील असे नाही. तरीही ही उत्तरे पुराव्याची जागा घेऊ शकत नाहीत. मुलांवरचे अनुकूल प्रयोग लहान होते आणि ते मुख्यतः एकाच संशोधक-गटाचे होते. जोवर मोठ्या संख्येने, अनेक ठिकाणी, वर्ष-दोन वर्षे चालणाऱ्या चाचण्या होत नाहीत, तोवर युरिक ॲसिड हे काही तरुणांत रक्तदाबाची सुरुवात करून देणारे कारण असावे, एवढेच म्हणता येते. सर्वांच्या रक्तदाबाचे ते मूळ आहे, हे म्हणता येत नाही.

‘कारण सिद्ध नाही, मग या आकड्याचा उपयोग काय?’ असे कुणी विचारील. उपयोग मोठा आहे. धोका ओळखण्यासाठी खूण पुरते. खूण स्वतः कारण असलीच पाहिजे असे नाही. उपचारासाठी मात्र कारण हाती लागावे लागते, आणि तेच इथे अपुरे आहे. त्यात ॲलोप्युरिनॉल हे निरुपद्रवी औषध नाही. क्वचित, पण काहींना त्वचा सोलून निघण्याइतकी जीवघेणी प्रतिक्रिया येते. एचएलए-बी ५८:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांत हा धोका बराच वाढतो. युरिक ॲसिड अगदी तळाला नेणेही हिताचे नाही. जन्मतःच ते फार कमी असणाऱ्या काही लोकांची मूत्रपिंडे कठोर व्यायामानंतर अचानक बंद पडतात. गाउट असलेल्यांनी डॉक्टरांनी दिलेले औषध नियमित घ्यायलाच हवे. पण सांध्यांचा त्रास नसताना केवळ आकडा जास्त आहे म्हणून औषध सुरू करू नये, असाच अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीचा २०२०चा सल्ला आहे.

मग आकडा वाढलेला दिसला तर करायचे काय? सर्वांत आधी रक्तदाब मोजायचा, तोही एकदाच नव्हे. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी. सोबत साखर, क्रिएटिनिन आणि कमरेचा घेर. आधीच रक्तदाबाचे औषध चालू असेल, तर त्यात थायाझाइड आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. कमी मात्रेतल्या ॲस्पिरिननेही युरिक ॲसिड वाढते. याउलट लोसार्टन रक्तदाबासोबत युरिक ॲसिडही थोडे उतरवते, त्यामुळे दोन्ही वाढलेल्या रुग्णाला ते सोयीचे ठरू शकते. हा निर्णय मात्र डॉक्टरांचा. स्वतःहून गोळी बंद करून रक्तदाब चढू देणे हा युरिक ॲसिडपेक्षा कितीतरी मोठा धोका आहे.

आणि डाळ? तिच्यावरचा आरोप मागे घ्यायला हवा. २००४मध्ये ४७ हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांच्या बारा वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाउट वाढलेला दिसला, दूध-दही जास्त घेणाऱ्यांत तो कमी दिसला, आणि प्युरिन असलेल्या भाज्या व कडधान्यांनी धोका वाढलेला आढळला नाही. म्हणजे वरणभात आणि पालकाची भाजी चालू ठेवावी. हात आखडता घ्यायचा तो कलेजी-गुर्द्यावर, रोजच्या मटणावर, तारलीसारख्या मासळीवर, बिअरवर आणि बाटलीबंद गोड पेयांवर. पापड-लोणच्याचे मीठ युरिक ॲसिडला फारसे भिडत नाही, पण रक्तदाबाला थेट भिडते, म्हणून तेही कमी. वजन उतरले तर युरिक ॲसिड आणि रक्तदाब दोन्ही उतरतात, आणि यासाठी ‘कारण कोण’ या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही.

सगळा पुरावा एकत्र ठेवला तर सर्वांत निकडीची गोष्ट वडीलधाऱ्यांच्या नव्हे, मुलांच्या बाबतीत आहे. संबंध सर्वांत घट्ट दिसतो तो किशोरवयात. धमनीतला बदल परतवता येतो तोही बहुधा तेव्हाच. आणि आपल्याकडे रक्तदाब सर्वांत कमी मोजला जातो तोही याच वयात, कारण बीपी हा म्हाताऱ्यांचा आजार, हा समज अजून गेलेला नाही. दहावी-बारावीतल्या, वजन वाढलेल्या, रोज शीतपेय पिणाऱ्या मुलाच्या अहवालात युरिक ॲसिड जास्त आले, तर त्याची डाळ बंद करून किंवा त्याला गोळी देऊन काही साधणार नाही. त्याच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजावा, शीतपेय सोडवावे, त्याला मैदानावर पाठवावे आणि सहा महिन्यांनी दोन्ही आकडे पुन्हा पाहावेत. आजचा पुरावा इतके करायला नक्की पुरेसा आहे.